पोळा ते पोळा: सेवा करणाऱ्या मुलामुलींच्या सत्काराची तयारी

दहावी-बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावोगावी गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. त्यात यादीची चिंता नसते, ती बोर्डानं आधीच करून दिलेली असते. कोणाला नव्वदच्या वर टक्के पडले ते गुणपत्रिकेवर छापलेलं असतं. मंडळानं हार, पेढे आणि पाहुणा आणला की झालं. सेवा करणाऱ्या मुलामुलींचा सत्कार करायचा म्हटलं की पहिली अडचण नेमकी इथे येते. पालखी पुढे गेल्यावर मैदान कोणी झाडलं, विसर्जनाच्या संध्याकाळी निर्माल्यातून प्लास्टिक कोणी वेगळं केलं, एप्रिल-मेच्या उन्हात रोपांना पाणी कोणी घातलं, याची गुणपत्रिका कुठलंच बोर्ड काढत नाही. ती गावानं तयार करायची असते. सत्काराची खरी मेहनत तिथेच आहे. मंचावरचा कार्यक्रम हा त्याचा शेवटचा दीड तास.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालय आणि गणेश मंडळ मिळून हा सत्कार करतात. तेरा ते एकोणीस या वयाच्या मुलामुलींसाठी. हे सगळं कसं बसवायचं, कुठे बिघडतं आणि का, ते इथे सविस्तर लिहीत आहोत, कारण आसपासच्या गावांतून हीच विचारणा होते.

आधी तारीख, कारण आमच्या भागात सगळं तारखेवर अवलंबून आहे. स्वयंसेवक म्हटलं की ५ डिसेंबर आठवतो, तो आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. १२ जानेवारीला राष्ट्रीय युवा दिन आणि जिजाऊ जयंती एकाच दिवशी येतात, म्हणून तीही तारीख सुचवली जाते. बीड जिल्ह्यात या दोन्ही तारखा चुकीच्या आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. डिसेंबरात कार्यक्रम ठेवला तर ज्या मुलांनी पावसाळाभर काम केलं त्यांतली कित्येक त्या वेळी कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या फडावरच्या झोपडीवर, असतात, आणि खुर्च्यांवर फक्त नोकरदार-दुकानदारांची मुलं बसतात. जानेवारीत दहावीच्या पूर्वपरीक्षा असतात ते वेगळंच. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, मनाला पटतो. पण त्या सकाळी शाळा आणि कचेऱ्या ध्वजारोहणात गुंतलेल्या असतात. म्हणून २ ऑक्टोबर किंवा त्याच्या आसपासचा रविवार. बहुतेक वर्षी तोवर गणपती उठलेले असतात, सहामाही परीक्षा लागलेली नसते आणि टोळ्या अजून गावात असतात. दसराच त्या दिवशी आला, २०२५ मध्ये तसं झालं, तर एक रविवार अलीकडे घ्यावा.

वर्ष कुठून कुठे मोजायचं हाही वादाचा मुद्दा. जानेवारी ते डिसेंबर मोजलं तर सत्कारापर्यंत पाऊण वर्षच हिशेबात येतं. जून ते मे मोजलं तर पालखीचं काम कुठल्या वर्षात धरायचं यावरून गोंधळ होतो. आम्ही पोळा ते पोळा मोजतो. पोळा श्रावण अमावास्येला, त्यानंतर चार दिवसांनी गणेश चतुर्थी. पोळ्याला जुनी वही बंद, चतुर्थीला नवी सुरू. त्यामुळे गणेशोत्सवाचं सगळं काम एकाच वहीत राहतं. मुलं म्हणतातच, 'परवाचं विसर्जन का नाही धरलं?' म्हणून हा नियम वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेला असावा. पोळ्याआधी अधिक महिना आलेल्या वर्षी पोळा सप्टेंबरात सरकतो आणि पडताळणीला जेमतेम तीन आठवडे हाती राहतात. त्या वर्षी छापखान्याला आधीच सांगून ठेवावं लागतं.

आता वही. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची. रकाने सातच: तारीख, नाव, ठिकाण, काम, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, कामप्रमुखाची सही. तास त्याच दिवशी मोजून लिहायचे नाहीत, फक्त वेळा लिहायच्या. बेरीज पोळ्यानंतर दोघांनी मिळून करायची. जागेवर तास लिहिले की दीडचे दोन आणि दोनचे तीन होतात. त्यात कोणाचा लबाडीचा हेतू नसतो, मुलं दमलेली असतात आणि लिहिणाऱ्याला त्यांचं कौतुक असतं म्हणून हात सैल सुटतो. अर्ध्या तासाखालचं सोडायचं आणि प्रत्येक अर्धा तास पूर्ण झाला तरच धरायचा, एवढा एक नियम पुरतो. वही वाचनालयाच्या टेबलावर राहते. ती कामाच्या ठिकाणी नेली की भिजते, हरवते. ठिकाणावर सुटे छापील तक्ते न्यावेत, ते कामप्रमुखानं सही करून त्याच आठवड्यात वाचनालयात द्यावेत आणि ग्रंथपालांनी वहीत उतरवून घ्यावेत. तक्ता महिनाभर खिशात राहिला तर तो पुरावा राहत नाही.

व्हॉट्सॲपवरचे फोटो हा पुरावा धरू नये. ज्याच्याकडे चांगला फोन आहे त्याचं काम फोटोत दिसतं, आणि जी मुलगी वाकून पत्रावळ्या गोळा करत होती तिची फार तर पाठ दिसते. फोटोवरून यादी केली की प्रत्येक गावात तीच चार-पाच नावं वर येतात.

तासांचं काय करायचं, यावर आमचं मत ठाम आहे: तास हा उंबरठा ठेवावा, त्यावरून क्रमांक काढू नयेत. वर्षात किमान ३० तास, आणि ते निदान चार वेगवेगळ्या महिन्यांत विभागलेले. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. ती नसेल तर अनंत चतुर्दशीचे दहा तास आणि पालखीचे दोन दिवस यांवरच मूल उंबरठा ओलांडतं, आणि आठवड्यामागून आठवडा वाचनालयात येणारं मूल आणि वर्षातून दोन उत्सवांना येणारं मूल एकाच मापात बसतात. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक काढले की जास्त मोकळा वेळ असणारं मूल जिंकतं. ज्या मुलीला शाळेतून आल्यावर धाकट्या भावाला सांभाळायचं असतं, भाकरी थापायच्या असतात, तिचे ३५ तास दुसऱ्या कोणाच्या ९० तासांपेक्षा कमी मोलाचे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही. म्हणून उंबरठा ओलांडणाऱ्या सगळ्यांचा सारखाच सन्मान, आणि पुकारायचा क्रम आडनावाच्याही नव्हे तर पहिल्या नावाच्या अकारविल्हे.

कनिष्ठ महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आपापली दैनंदिनी घेऊन येतात. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेत वर्षाला १२० तास काम अपेक्षित असतं, त्यामुळे त्यांचे तास सहज भरतात. गावातल्या कामाचे तास त्यांच्या दैनंदिनीतून घ्यायला हरकत नाही, पण तेच तास वहीतही असतील तर दोनदा धरले जातात. तारीख आणि वेळ लावून पाहिली की लगेच कळतं.

कोणतं काम धरायचं आणि कोणतं मुलांना द्यायचंच नाही, हे चतुर्थीच्या आधी ठरवून सांगावं. आषाढी वारीच्या वेळी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाई भागातून पंढरपूरकडे जाते. पालखीच्या मुक्कामी पाणी देणं, पत्रावळ्या-द्रोण उचलणं, वारकऱ्यांना रस्ता, दवाखाना दाखवणं, हे धरतो. लावलेल्या रोपांना फेब्रुवारी ते जून आठवड्यातून दोनदा, रोपामागे दहा-बारा लिटर पाणी घालणं हेही धरतो. नुसतं जुलैत खड्ड्यात रोप ठेवणं आम्ही मोजत नाही, कारण ते काम अर्ध्या तासाचं आणि फोटोचं असतं. वाचनालयात पुस्तकांना वेष्टणं घालणं, दाखल क्रमांक (पुस्तकाचा नोंदवहीतला क्रमांक) जुळवणं, बँकेत वयस्कांचा फॉर्म भरून देणं, वनराई बंधाऱ्यासाठी पोत्यांत माती-वाळू भरून तोंडं शिवणं, सगळं धरतो. श्रमदानाची सवय या भागाला आहे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपची, म्हणजे गावोगावच्या जलसंधारणाच्या स्पर्धेची, सुरुवात २०१६ मध्ये ज्या तीन तालुक्यांत झाली त्यांत अंबाजोगाई होता, आणि तेव्हा मोठ्यांच्या मागोमाग घमेली उचलणारी शाळकरी पोरं इथल्या लोकांनी पाहिली आहेत.

विसर्जनात मुलांनी पाण्यात उतरायचं नाही. नदी, विहीर, तलाव, कृत्रिम हौद, कुठेच नाही. मूर्ती पाण्यात नेण्याचं काम पोहणाऱ्या मोठ्या माणसांचं. मुलांची जागा काठावरच्या निर्माल्याच्या टेबलापाशी. तिथेही रबरी हातमोजे हवेतच, कारण हारांत तारा आणि टाचण्या असतात, आणि पिशव्यांतून उदबत्तीच्या तुटक्या काड्या, कधी फुटलेली काचही निघते. तीन पिंप ठेवायची: फुलं-पत्री-दूर्वा, कापड-दोरा, प्लास्टिक-थर्माकोल. दोनच ठेवली तर दोरा फुलांत जातो आणि खताचा खड्डा वर्षभर दोऱ्यांनी गुंतून बसतो. रक्तदान शिबिरात अठरा वर्षांखालच्यांना रक्त देता येत नाही, पण नोंदणीचं टेबल आणि चहा-बिस्किटं ती उत्तम सांभाळतात. सुया-कापूस उचलण्याचं काम मात्र त्यांना कधीही देऊ नये. आणि अंधार पडल्यावर थांबायचं असेल तर घरून कोणी न्यायला येणार आहे का, हे आधी विचारावं. ही व्यवस्था नसली की मुली पुढच्या वर्षी येत नाहीत, आणि मग समिती म्हणते, मुलींना आवड नाही.

वही सुरू करतानाच पालकांचं संमतीपत्र घ्यावं. एका पानाचं: मुलाचं नाव, जन्मतारीख, पालकाचा फोन, काही आजार किंवा ॲलर्जी, कामाला परवानगी, आणि फोटो छापायला परवानगी ही वेगळ्या सहीची ओळ. या दोन परवानग्या एकाच सहीत गुंडाळू नयेत. अनेक पालकांना काम चालतं, पण मुलीचा फोटो फ्लेक्सवर चालत नाही, आणि ते म्हणणं रास्त आहे. अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती हवी हे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातही आहे. आम्ही फ्लेक्सवर कोणाचाच फोटो लावत नाही. मागच्या पडद्यावर मुलांची नावं असतात, पुढाऱ्यांचे चेहरे नसतात.

पोळ्यानंतर पडताळणी. दोघं जण वही वाचतात, तिसरा बेरीज लिहितो. उंबरठा ओलांडणाऱ्यांची कच्ची यादी वाचनालयाच्या फळ्यावर आठ दिवस लावायची, खाली एक ओळ: 'राहिलेलं नाव सुचवा.' हे आठ दिवस कधीही कापू नयेत. जी नावं वहीत नीट आलेली नसतात ती याच दिवसांत पुढे येतात, आणि त्यात एक ठरावीक चेहरामोहरा असतो: पालखीच्या स्वयंपाकघरात आत काम करणाऱ्या मुली, कारण तक्ता बाहेर मैदानावर फिरतो, बाहेरगावाहून आलेल्या कामगारांची मुलं, ज्यांना नाव लिहायला कोणी बोलावत नाही, आणि बुजरी मुलं, जी काम संपलं की सही न करताच घरी जातात. अशा नावांसाठी कामप्रमुखाचं तीन ओळींचं लेखी निवेदन घ्यायचं: कोणतं काम, कोणत्या दिवशी, साधारण किती वेळ. तेवढं पुरतं. उलट, तास कमी भरलेल्या मुलाचं नाव घालण्यासाठी एखाद्या वजनदार पालकाचा निरोप येतो तोही याच आठवड्यात. त्याला उत्तर एकच, वही उघडून दाखवणं. आदल्या चतुर्थीपासून नीट ठेवलेली वही समितीला इथे वाचवते. वही नसेल तर नाही म्हणायला आधारच नसतो.

मग सन्मानपत्राचा मजकूर, आणि आमच्या मते संपूर्ण कामाचा गाभा हाच. 'आपण केलेल्या बहुमोल सामाजिक कार्याबद्दल हार्दिक अभिनंदन' हे वाक्य बत्तीस मुलांना बत्तीस वेळा दिलं तर कोणालाच काही दिलं नाही. प्रत्येकाच्या पत्रावर त्याचं काम लिहिलेलं हवं, पंचवीस शब्दांच्या आत. उदाहरणार्थ: 'पालखी पुढे गेल्यावर शाळेच्या मैदानावरच्या पत्रावळ्या आणि द्रोण गोळा केले, ओला कचरा आणि प्लास्टिक वेगळं करून घंटागाडीत भरलं.' किंवा: 'बालविभागातल्या पुस्तकांना नवी वेष्टणं घातली आणि प्रत्येकाचा दाखल क्रमांक नोंदवहीशी जुळवून पाहिला.' क्रियापदं जपून निवडावीत. गोळा केले, भरलं, शिवलं, जुळवलं. 'योगदान दिले', 'सहभाग नोंदवला' असले शब्द आले की काम दिसेनासं होतं. मजकूर ज्यानं काम पाहिलं त्यानं सांगावा, भाषा चांगली असणाऱ्यानं लिहावा, आणि छापण्याआधी त्या मुलाला वाचून दाखवावा. मुलं यात फार प्रामाणिक असतात. 'हे मी एकट्यानं नाही केलं, दोघं होतो' असं तीच सांगतात, आणि दुसरं नाव तिथून मिळतं.

त्याच वेळी नाव कसं छापायचं तेही विचारून घ्यावं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारनं आईचं नाव आणलं आहे. आपल्या यादीतली मुलं त्याआधीची, पण त्यांतल्या अनेकांना आईचं नाव घालायचं असतं. घालू द्यावं. नाव मुलाच्याच हातानं देवनागरीत लिहून घ्यावं. शाळेच्या इंग्रजी यादीवरून केलेली नावं हमखास बिघडतात: 'आरती'ची 'अर्ती' होते, 'मयूर'चा ऊकार ऱ्हस्व होतो. दुसरा बिघाड छापखान्यात होतो. आपण मजकूर मोबाइलवरून युनिकोडमध्ये पाठवतो, आणि अनेक डीटीपीवाले अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये काम करतात. रूपांतर करताना रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात, 'ऱ्या'चा भलताच काही तरी होतो. सूर्यवंशी, आर्या, दुर्गा, कऱ्हाळे ही नावं म्हणून आधी तपासायची. पडद्यावरची पीडीएफ पाहून समाधान मानू नये. एक छापील प्रत मागवून दोघांनी मोठ्यानं वाचावी, एकानं मूळ कागदावरून आणि दुसऱ्यानं छापलेल्यावरून.

कागद ए-फोर, ३०० जीएसएमचा, मॅट. चकचकीत कागदावर सहीची शाई पसरते. सह्या आधी, लॅमिनेशन नंतर. बहुतेक वेळा लॅमिनेशन करूच नये, पारदर्शक पिशवीची फाइल बरी, पत्र काढून झेरॉक्स करता येतं. काचेची फ्रेम मुळीच नको. सायकलवरून घरी नेताना ती फुटते, आणि एका फ्रेमच्या खर्चात तीन पुस्तकं येतात. शाल-श्रीफळाचंही तेच. चौदा वर्षांच्या मुलाला शालीचा उपयोग नाही आणि मंचावर नारळ सांभाळण्यात त्याचा सगळा जीव जातो. आम्ही पुस्तक देतो, पण सगळ्यांना एकच नाही. वीसेक पुस्तकांची यादी आधी फिरवून प्रत्येकाकडून पसंती घेतो. ज्याला पुस्तक नको असतं त्याला चांगली विजेरी. तीही खुशीनं नेली जाते, कारण आमच्याकडे वीज जाते.

कार्यक्रमाचा हिशेब सेकंदांत करावा. बत्तीस मुलं, प्रत्येकी ४५ सेकंद: चालत येणं, पंचवीस शब्दांचं वाचन, पत्र घेणं, फोटो. चोवीस मिनिटांत संपतं. शाल, श्रीफळ, गुच्छ, स्मृतिचिन्ह असा क्रम ठेवला की माणशी दोन मिनिटं, म्हणजे तासाच्या वर. मग निवेदक घाईत कामाचा मजकूर गाळतो आणि फक्त नाव पुकारतो. म्हणजे ज्यासाठी वर्षभर वही ठेवली तेच नेमकं गळतं. पुढचं मूल पायरीशी उभं, त्याच्यामागचं खुर्चीतून उठलेलं, असे दोन जण कायम तयार ठेवायला एक कार्यकर्ता लागतो. पत्रं पुकारण्याच्या क्रमानं लावून, प्रत्येकावर पेन्सिलनं क्रमांक घालून ठेवायची. एखादं मूल आलं नाही तर त्याचं पत्र बाजूच्या दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवायचं, तिथेच खाली सरकवायचं नाही. नाही तर त्यापुढच्या सगळ्यांना दुसऱ्याचंच पत्र मिळतं.

दीपप्रज्वलन, दोन मिनिटांचं प्रास्ताविक, लगेच सत्कार, मग मुलांतल्या दोघांचं मनोगत, पाहुण्यांचं भाषण, आभार. भाषणं आधी ठेवली तर सत्काराच्या वेळी मागच्या रांगा उठलेल्या असतात. पाहुण्यांसाठी थांबू नये. निमंत्रणातच लिहावं की सत्कार सांगितलेल्या वेळी सुरू होईल. निवडणुकीची आचारसंहिता लागणार असेल तर सभागृहाची परवानगी, फलक आणि मंचावरची नावं हे तहसील कार्यालयात आधी विचारून घ्यावं. आपल्याकडे कुठली ना कुठली निवडणूक येतच असते.

सन्मानपत्र कोणाच्या हातून द्यायचं? आमचं उत्तर: ज्याला त्या कामाचा उपयोग झाला त्याच्या हातून. पत्रावळ्या उचलणाऱ्यांना घंटागाडीवरच्या कर्मचारी मावशींनी द्यावं. पुस्तकांना वेष्टणं घालणाऱ्याला बालविभागातल्या सगळ्यात लहान वाचकानं. शिबिरात टेबल सांभाळणाऱ्याला गावच्या आशा स्वयंसेविकेनं, बँकेचे फॉर्म भरणाऱ्याला त्या आजोबांनी. यासाठी आठवडाभर आधी त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन निमंत्रण द्यावं लागतं, त्यांची कामाची वेळ सांभाळून तास ठरवावा लागतो आणि पहिल्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखाव्या लागतात. घंटागाडीच्या मावशी रविवारी सकाळी कामावर असतात, म्हणून कार्यक्रम दुपारी चारनंतर. मुलांना कोणाच्या हातून पत्र मिळालं हे लक्षात राहतं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी दारात आली की दोघं एकमेकांना नावानं हाक मारतात. मान्यवरांना वाईट वाटत नाही. त्यांना भाषणाला पुरेसा वेळ द्यावा.

ज्यांचं काम फारच मोठं आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारचा प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार आहे. पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी, त्यात समाजसेवा आणि पर्यावरण असे वेगळे विभाग आहेत, आणि राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर मुलाला स्वतः किंवा दुसऱ्या कोणालाही त्याचं नाव सुचवता येतं. अर्जात नेमकं काय केलं आणि त्याचा पुरावा काय, हे विचारतात. सही-तारखांची वही असलेल्या गावाला ते एका संध्याकाळी भरता येतं. मात्र मुलांना सेवेसाठी बोलावताना पुरस्काराचं, प्रवेशाच्या गुणांचं किंवा नोकरीचं आमिष कधी दाखवू नये.

कार्यक्रमाला न आलेल्यांची पत्रं आठ दिवसांच्या आत घरी पोचवायची, दोघांनी जाऊन, आणि मजकूर घरच्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. वाडी-तांड्यावरच्या घरी आधी जावं, कारण टोळीचा ट्रॅक्टर कधी भरेल ते सांगता येत नाही. प्रत्येक पत्राची एक प्रत मुलाच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे द्यावी आणि एक वाचनालयाच्या फाइलीत वर्षवार लावावी. ऊसतोडीच्या फेऱ्यांत, कोपीच्या पावसापाण्यात मूळ पत्र खराब झालं तर त्यावरून नवं काढून देता येतं.